तोंड दाखवून बोला

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे आणि तिच्यासमोर सिमेंटचं बाकडं. सकाळी त्या बाकड्यावर जी मंडळी बसतात, त्यांना जगातलं काय कळत नाही ते मला अजून सापडलेलं नाही. टॉवरमुळे चिमण्या गेल्या. लस म्हणजे कंपन्यांचा धंदा. चंद्रावर यान गेलंच नाही, आणि गेलं असेल तर ती विद्या आपल्याकडे आधीपासूनच होती. शेवटची दोन मतं एकच माणूस एकाच कपात मांडतो. तो बँकेतून निवृत्त झालेला आहे, सगळे त्याला साहेब म्हणतात आणि तोही म्हणवून घेतो. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. मला कुणी काही विचारत नाही, कारण मी बाकड्यावर बसत नाही, दुधाची पिशवी घेऊन समोरून जाते. पण कान उघडे असतात, त्यामुळे घरी पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं.

माझा थोरला भाऊ त्याच गल्लीत राहतो. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. घरात तो, त्याचा मुलगा आणि सून. दादाचं सगळं आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात गेलं, टॉवेलच्या. असा कारखाना ज्यांनी आतून पाहिला नसेल त्यांना सांगते, तिथे पाऊल टाकलं की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. माग खडखडत असतात, धोटे आपटत असतात, पत्रा थरथरत असतो. तरी आतली माणसं दिवसभर गप्पा मारतात. ओठांनी आणि हातांनी. दोन बोटं एकमेकांवर फिरवली की सूत तुटलं, मिशीवरून हात फिरवला की मालक आला, अंगठा तोंडाला लावला की चहा. बाकी सगळं ओठ वाचून. एका टोकाचा माणूस विनोद सांगतो आणि दुसऱ्या टोकाचा हसतो, मध्ये एक अक्षर ऐकू आलेलं नसतं. लहानपणी दादाचा डबा द्यायला गेले की मी दारात उभी राहून हे बघत राहायचे. मला ती जादूच वाटायची.

या जादूची किंमत कान देतात. हळूहळू देतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मागावरची माणसं घरीसुद्धा ओरडून बोलतात, टीव्ही मोठा लावतात, आणि गल्लीतली निम्मी माणसं मागावरचीच असल्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दादाशी समोर उभं राहून बोललं की तो बरोबर उत्तर द्यायचा. मग त्याला ऐकू येत नाही असं कुणी का म्हणावं? तो कानांनी ऐकतच नव्हता, डोळ्यांनी ऐकत होता. हे बहुधा त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग ती साथ आली आणि सगळ्या जगाने तोंडावर कापड बांधलं.

कारखाने बंद होते तेव्हा घरात निभावलं. पुन्हा सुरू झाले, दादा कामावर गेला, आणि समोर नुसत्या डोळ्यांची माणसं. ओठ गायब. तो गोंधळला. पण गोंधळलो असं सांगायची आमच्या घरात पद्धत नाही. त्याने एक सोपा मार्ग काढला. कुणी काहीही विचारलं की हसायचं आणि म्हणायचं, "व्हय."

चहा घेतला का? व्हय. तब्येत बरी का? व्हय. एक दिवस मालकाने जवळ बोलावून मास्कमधून विचारलं, "आता लई दमलात की. घरी बसून आराम करावा म्हणताय का?" दादा हसून म्हणाला, "व्हय." मालकाला गहिवरून आलं. त्याने शाल आणि नारळ मागवला. कारखान्यातली माणसं जमली, टाळ्या वाजल्या, एकाने फोटो काढला. दादाला वाटलं, कसला तरी सण आहे. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर झाला, तर त्याच्या मागावर दुसराच माणूस उभा. तो तसाच डबा घेऊन परत आला आणि कुणाला काही बोलला नाही. मालक काय म्हणाला होता ते मला पुढे त्या कारखान्यातल्याच एका बाईकडून कळलं. फोटो मात्र आमच्याकडे आहे. त्यात दादा इतका खूश दिसतो की बघवत नाही.

पुढे मास्क उतरले. म्हणजे आता तोंडं दिसायला हवी होती. पण तोवर प्रत्येकाची मान खाली गेलेली होती, हातातल्या मोबाइलमध्ये. माझा भाचा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतो. काय काम करतो ते मी चारदा विचारलं, चारही वेळा वेगळं उत्तर मिळालं. त्याच्या कानात दिवसभर दोन पांढरी बोंडं असतात आणि डोळे पडद्यावर. बापाशी बोलायचं तर मान वर न करता बोलायचं. "बाबा, लाइट बिल आलं का? बाबा, दार लावा." बाबा गप्प. मुलाने मान वर करून पाहिलं असतं तर बापाने त्याचे ओठ वाचले असते. तेवढी फुरसत त्याला नव्हती. त्याने निदान केलं, बाबांचं डोकं गेलंय.

हे निदान बाकड्यावर पोचायला वेळ लागला नाही. साहेब म्हणाले, लसीचा परिणाम आहे, मेंदूवर जाते ती. दुसरा म्हणाला, टॉवरच्या लहरी. तिसरा म्हणाला, माणूस कामावरून बसला की असाच होतो. अख्ख्या बाकड्यावर एकालाही वाटलं नाही की आधी त्या माणसाचे कान तपासावेत. विज्ञानाबद्दल इतकी मतं असलेली माणसं विज्ञानाच्या इतकी लांब कशी राहू शकतात, याचं मला खरंच नवल वाटतं. दादा त्या वेळी तिथेच बाकड्याच्या कडेला बसलेला असायचा, हातात कप घेऊन, हसत.

एक दिवस भाचा माझ्याकडे आला. "आत्या, बाबांना मैंदर्गीला पाठवायचं म्हणतोय. काका आहेत तिथे. मोकळी हवा, शेत. इथे त्यांना कळत तर काहीच नाही."

मैंदर्गीला आमच्या चुलतभावाचं घर आहे. माणूस चांगला आहे. पण त्या घरात निम्मं बोलणं कानडीत चालतं, आणि गावातलंही. दादाला दोन शब्दांपलीकडे कानडी येत नाही. तिथे त्याला खरोखरच काही कळलं नसतं, आणि मग डोकं गेल्याची खात्रीच पटली असती सगळ्यांची. माझा संताप झाला. मी म्हटलं, "आधी मला त्याच्याकडे बघू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडे पाणी येतं त्या दिवशी घराघरात आरडाओरडा असतो. अंगणात पिंप भरून वाहत होतं, आणि दादा पिंपाकडे पाठ करून शेंगा फोडत बसला होता. पाणी त्याच्या पायाशी येईपर्यंत तो हलला नाही. मी मागे उभी राहिले आणि त्याला एक अस्सल शिवी दिली, आमच्या वडिलांची ठेवणीतली. सून स्वयंपाकघरातून डोकावली. शेजारीण गच्चीवरून वाकली. दादा शांतपणे शेंगा फोडत राहिला. मी वळसा घालून समोर गेले तसा त्याचा चेहरा फुलला. "कवा आलीस गं? बस की."

मी आवाज न काढता नुसते ओठ हलवून विचारलं, "जेवलास का?"

"न्हाय अजून," तो म्हणाला. "आज आमटी लई तिखट झालीया म्हनं."

माझी तपासणी तिथेच संपली. एका शिवीत जे कळलं, त्यासाठी बाकड्याने वर्षभर चहा ढोसला होता.

कान तपासणारी मुलगी तरुण होती आणि तिला कसलंही मत नव्हतं, तिच्याकडे यंत्र होतं. तिने दादाला काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. बराच वेळ तो बटणावर बोट ठेवून वाट बघत बसला. बाहेर आल्यावर तिने मला कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली आणि विचारलं, "मागावर होते का?" रोज असे येतात म्हणाली. डोकं अगदी ठणठणीत आहे म्हणाली. मला तिथे रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. मग कानाचं मशीन घेतलं.

त्यावरही बाकड्याला बोलायचं होतंच. कानात बॅटरी म्हणजे मेंदूपाशी करंट. एकदा सवय लागली की कान कायमचा जातो. असं सांगत होते साहेब, ज्यांच्या नाकावर जाड भिंगाचा चष्मा आणि छातीत डॉक्टरांनी बसवलेली स्प्रिंग आहे. चष्मा लावला की माणूस विद्वान दिसतो आणि कानाला मशीन लावलं की म्हातारा, असा काहीतरी यांचा नियम असावा. भाचाही कुरकुरला, "लोक काय म्हणतील आत्या, केवढं दिसतं ते." हे बोलतानासुद्धा त्याच्या दोन्ही कानांत ती पांढरी बोंडं होतीच.

पहिले दिवस मजेचे होते. कडक भाकरी मोडून तोंडात टाकली आणि दादा दचकून मागे बघायला लागला. स्वतःच्या चावण्याचा आवाज होता तो. पंख्याचा आवाज, चपलेचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या. "एवढा दंगा करतंय व्हय हे घर?" म्हणाला. तो हसत होता, आणि या वेळी कशाला हसतोय ते त्याला ठाऊक होतं. मी त्या दिवसांत फार सुखात होते.

घोटाळा एवढाच होता, की कान आले ते दादाला. घरातल्यांची सवय तीच राहिली. त्याच्यादेखत त्याच्याबद्दल बोलायची.

एका दुपारी मी तिथेच जेवायला होते. दादा पाटावर बसून ताक पीत होता. भाचा ओट्यापाशी, आमच्याकडे पाठ करून, बायकोला सांगत होता, "मशीन लावलं म्हणून काय झालं? मैंदर्गीचं ठरलंय ते ठरलंय. मला बाबांची ती पुढची खोली लागणारच आहे. दाराशिवाय कॉल कसे घेऊ मी?"

म्हणजे डोकं नाही, लस नाही, टॉवर नाही. खोली. मी तोंड उघडणार होते, शब्द तयारही होते, आणि ते सभ्य नव्हते. पण दादाने भांडं खाली ठेवलं.

"खोली पायजे व्हय तुला?" तो म्हणाला. मागावरच्याच आवाजात, त्यामुळे शेजाऱ्यांनीही ऐकलं असणार. "मला इचारायचं की. दिली असती. मी हितं सोप्यात झोपलो असतो की."

भाच्याने वळून पाहिलं. त्याचं तोंड आता चांगलं समोर होतं. सून तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. करपल्याचा वास सुटला.

मैंदर्गी बारगळली. त्याच संध्याकाळी दादाने स्वतःची पेटी उचलून बाहेरच्या उघड्या सोप्यात आणली. खोलीला आता दार आहे, दारामागे भाच्याचे कॉल आहेत, आणि दादासमोर तोंड उघडताना नवराबायको दोघंही जपून असतात. बाकड्यावर मत झालं की मशीनमुळे म्हातारा तापट झालाय, साहेबांना हे आधीच माहीत होतं. मी मात्र जिंकल्याच्या तोऱ्यात होते. जाता-येता मान ताठ करून टपरीसमोरून जात होते. माझा भाऊ शहाणा होता, हे मी सिद्ध केलं होतं, यंत्राने आणि कागदावरच्या रेघेने.

परवा दादा माझ्याकडे आला. खिशातून रुमाल काढला, रुमालातून मशीन, आणि माझ्यापुढे धरलं.

"बिगडलंय बग हे," म्हणाला. "हितं तुज्याकडं चालतंय, टपरीवर चालतंय. घरात गेलो की बंद पडतंय. काय बी ऐकू येत न्हाय. पोरगा, सून, कोनाचंच."

मी मशीन मुठीत धरलं. ते बारीक शिट्टी वाजवायला लागलं, चालू मशीन मुठीत धरलं की वाजवतं तसं. त्याने ती शिट्टी ऐकली नाही, कारण मशीन माझ्या हातात होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, मी काय म्हणते ते वाचायला.

आयुष्यभर मी पोरांना सांगत आले की जे दिसतंय ते स्पष्ट बोला. मी ओठ नीट हलवून, सावकाश म्हटलं, "व्हय दादा, बिघडलंय. सोमवारी दाखवून आणू."