अनुपमा धुरीचा रिकामा पंधरवडा

अनुपमा धुरीने सासऱ्यांचं म्हाळ रद्द केलं आणि त्याच दिवशी ती रोलर कोस्टरमध्ये बसायला गेली, ही बातमी भांडुपच्या त्या बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या आधी सातव्या मजल्यावर पोचली. चौथ्या मजल्यावर त्या बातमीला शेपूट फुटलं होतं. म्हणे, म्हाताऱ्यांच्या नावाचा वडा तिने पर्समध्ये घालून नेला आणि पार्कातल्याच एका कावळ्यापुढे टाकून हात झटकले.

साफ खोटं. म्हाळ होतं शुक्रवारी, ती गेली बुधवारी. वड्यांचं पीठ गिरणीतून आणून डब्यात भरलेलं होतं, काळे वाटाणे निवडून ठेवलेले होते, केळीची पानं सांगून ठेवली होती. सासरे गिरणी कामगार, वेळेचे पक्के. त्यांना उपाशी ठेवायची हिंमत जिवंतपणी कुणी केली नाही, ती आता कोण करतंय? बातमीतला रोलर कोस्टर तेवढा खरा होता. पितृपक्षही खरा होता. आणि तो पंधरवडा अनुपमाने चुकून निवडलेला नव्हता, वर्षभर डोकं लावून निवडला होता.

आता ही अनुपमा कोण, तर जिच्याकडे सगळं भांडुप काही ना काही ठेवायला येतं, ती. तिने तीस वर्षं पाळणाघर चालवलं. आयाबाया कामावर जाताना पोर तिच्याकडे टाकायच्या, आणि एकदा पोर ठेवलं की माणसाला सवयच लागते. घराची चावी ठेव अनुपमाकडे. पार्सल येणार आहे, घे गं अनुपमा. एकदा तर कुणीतरी लग्नाच्या हळदीपुरता आपला नवरा ठेवला होता, कारण तो तिथे जाऊन भांडला असता. अनुपमाने त्याला वाटाणे सोलायला बसवलं. तर सांगायचं काय, की अशी बाई थीम पार्कला गेली, तर तिच्या हातात काय येणार? पिशव्या.

पहिल्यांदा ती गेली मे महिन्यात, पोरांच्या सुट्टीत. तिच्या पोरांच्या आणि अख्ख्या मुंबईच्या. रोलर कोस्टरची रांग इतकी लांब, की शेवटच्या माणसाला ती कशाची रांग आहे तेच माहीत नव्हतं. ऊन असं, की पत्र्यावर पापड भाजावा. अनुपमा झाडाखाली सगळ्यांच्या चपला, बाटल्या, टॉवेल आणि कुणाचीतरी कवळी घेऊन बसली आणि वर बघत राहिली. ती गाडी वर चढायची, टोकाला क्षणभर थांबायची, आणि मग सुटायची. तो थांबण्याचा क्षण तिच्या मनात जो घुसला, तो घुसलाच.

दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुट्टीत, महिला मंडळाबरोबर. तेव्हा ती रांगेत उभी राहिली. नंबर आला, पाय आत टाकणार, तेवढ्यात मंडळातल्या एकीच्या पोराने वडापाव बाहेर काढला, तोही पुढच्या बाईच्या पदरावर. "अनुपमा, तुला सवय आहे गं, जरा बघ ना!" बघितलं. पोराला नळाखाली धरून परत येईतो रांग पुन्हा गेटपर्यंत गेली होती.

तिसऱ्यांदा पंधरा ऑगस्टची सुट्टी जोडून. त्या दिवशी पावसाने गाडीच बंद. सगळे शेडखाली बसून फरसाण खाऊन आले. विद्याधर, म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी, अजून म्हणतो की फरसाण चांगलं होतं.

मग गेल्या वर्षी तिला त्या पार्कच्या गेटवरच्या पाटीबद्दल कळलं: साठ वर्षांपुढच्या व्यक्तींना मोठ्या राइडवर प्रवेश नाही. आणि अनुपमाला या नोव्हेंबरात साठ पूर्ण होत होती.

"मग काय झालं, आई?" सून हेमांगी म्हणाली. "केस काळे करा. अठ्ठावन्न सांगा. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," अनुपमा म्हणाली. "लोकांची पोरं सांभाळली ती खोटं बोलू नका सांगत. आता पाळण्यात बसायला खोटं बोलू? नोव्हेंबरच्या आधी जाऊ. पण रिकामा दिवस पाहिजे. पुन्हा रांग नको."

भिंतीवरचं कॅलेंडर तिने खाली उतरवलं आणि पोळपाटावर ठेवलं. मे नको, तो एकदा भोगला. जून-जुलै पावसाचा. श्रावणात सगळ्या सुट्ट्या जोडून येतात, आणि उपासाचा माणूस घरी बसत नाही, तो साबुदाणा खाऊन फिरायला निघतो. गणपतीत तर विषयच नाही, अख्खं भांडुप कोकणात, त्यात आपणही. पुढे नवरात्र आलं की गुजराती मंडळी गरब्याला, पण त्यांची पोरं दिवसा मोकळी. दिवाळी नको. आणि दिवाळीनंतर लगेच नोव्हेंबर.

मधे उरला एक पंधरवडा. गणपती बुडले की घट बसेपर्यंतचा.

"पितृपक्ष?" नवरा चंदर म्हणाला. कमरेला पट्टा बांधलेला साधा माणूस, बायकोच्या विरोधात तो फक्त मिठाबद्दल बोलतो.

"पितृपक्ष," अनुपमा म्हणाली. "या दिवसांत कुणी साडी घेत नाही, फ्लॅट बघत नाही, पोरगी बघत नाही. मग पाळण्यात कोण बसतंय? पोरांच्या परीक्षा चालू. पाऊस ओसरलेला. सगळ्या पार्कात आपणच."

झकास हिशोब होता. पण शिवदासने ऐकला आणि कपाळाला हात लावला. शिवदास हा चंदरचा धाकटा भाऊ, जन्म भांडुपचा, पण जीभ अजून मालवणात. त्याची टुरिस्ट गाडी आहे, आणि पितृपक्षात भाडं नसल्यामुळे ती उभी होती.

"वैनी, ह्या काय बरा नाय," तो म्हणाला. "पितर घराक येतत, आणि तुम्ही पाळण्यार बसून मज्जा करतल्यात? लोक काय म्हणतले?"

"लोक काय म्हणणार? लोक त्यांच्या त्यांच्या घरी म्हाळाची खीर ढवळत असतील. आणि भावोजी, बाबा शुक्रवारी येणार आहेत. बुधवारी ते दुसऱ्यांकडे जेवायला असतील."

शिवदासने तडजोड केली. गाडी तो चालवणार, पण स्वतः मज्जा करणार नाही, असं ठरलं. शेजारच्या मीराची समजूत काढायला जास्त वेळ गेला. मीरा भित्री, देवभोळी, आणि कुठल्याही गोष्टीला आधी नाही म्हणणारी.

"पितृपक्षात नवीन कपडा नको गं बाई," मीरा म्हणाली.

"मग जुना घाल. पाण्यात भिजायला पैठणी नेसणार होतीस का?"

तर बुधवारी सकाळी शिवदासच्या गाडीतून पाच जणं निघाली. अनुपमाने एक गोष्ट गाडीत बसायच्या आधीच उरकून टाकली. आपली पर्स काढून चंदरच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?" चंदर म्हणाला.

"कंबर दुखते ना तुमची? पाळण्यात बसता येणार नाही. मग झाडाखाली बसायचं आणि हे सांभाळायचं. मीरा, तुझी पण दे. हेमांगी, तुझी. चपला नंतर देऊ."

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या पार्कचं गेट आलं, तेव्हा अनुपमाचा चेहरा परीक्षेत पेपर सोपा आलेल्या पोरासारखा झाला. पार्किंगमध्ये मोजून चार गाड्या आणि एक झोपलेलं कुत्रं. तिकीट खिडकीवरची पोरगी मोबाइल बघत होती, माणसं आलेली पाहून दचकली. भादव्यातलं ऊन लखलखीत. रांगेसाठी लावलेले लोखंडी कठडे रिकामे. अनुपमा मुद्दाम त्या कठड्यांमधून वळणावळणाने चालत गेली, सरळ जायची वाट असूनसुद्धा.

"आई, इकडून शॉर्टकट आहे," हेमांगी ओरडली.

"असू दे. या रांगेत मी दिवाळीला दीड तास उभी होते. आज चालून बघते."

टोकाशी गाडी उभी होती, लाल, चकचकीत. तिच्याशेजारी स्टुलावर निळ्या टीशर्टातला ऑपरेटर.

"मावशी, थांबावं लागेल."

"कशाला? रांग कुठाय?"

"म्हणूनच. निदान सहा माणसं लागतात. त्याशिवाय गाडी सोडत नाही. वजन लागतं ना, नाहीतर वर जाऊन अडकते."

अनुपमाने मागे पाहिलं. हेमांगी, मीरा आणि ती. तीन.

"दुसरी माणसं येतील ना?"

"सकाळपासून तुम्हीच आलात," ऑपरेटर म्हणाला. "पितृपक्ष आहे ना, मावशी. कोण येतंय?"

लागली का वाट? वर्षभर विचार करून तिने असा दिवस शोधला होता, की ज्या दिवशी कुणी येणार नाही. आणि कुणी आलंच नव्हतं. मेमध्ये माणसं जास्त म्हणून बसता आलं नाही, आता माणसं कमी म्हणून. मीरा लगेच म्हणाली, "बघ हां अनुपमा, पितरांच्या मनात नाही." तिच्या आवाजात सुटकेचा आनंद लपत नव्हता.

"पितरांचा काय संबंध? वजनाचा प्रश्न आहे," अनुपमा म्हणाली, आणि माणसं गोळा करायला निघाली. ती तीस वर्षं पोरं गोळा करत आली होती, झोपेच्या वेळी, जेवणाच्या वेळी, पलंगाखालून, गच्चीवरून. माणसं शोधणं तिला नवीन नव्हतं.

पाण्याच्या तलावाशी मानखुर्दहून आलेलं एक नवं जोडपं फोटो काढत बसलं होतं. नवऱ्याचं नाव नितेश, बायकोचं समीक्षा. घरात पाहुणे म्हाळाला जमलेत, म्हणून "ऑफिसला जातो" सांगून सटकले होते.

"आमच्याबरोबर चला त्या गाडीत," अनुपमा म्हणाली.

"काकू, मला भीती वाटते," नितेश म्हणाला.

"बायकोसमोर बोलतोस?"

तो गपचूप उठला. समीक्षा हसत हसत मागून आली.

पाच झाली. सहावा कुठून आणायचा? चंदरच्या कमरेला पट्टा, तो बाद. कॅन्टीनवाला म्हणाला, भजी जळतील. मग अनुपमाची नजर झाडाखाली गेली. तिथे चंदरच्या बाजूला, पिशव्यांच्या ढिगामागे शिवदास बसला होता. गाडीत उकडत होतं म्हणून आत आला होता. चेहरा असा, की कुणाच्या तरी तेराव्याला आलाय.

"भावोजी, उठा. एक माणूस कमी पडतोय."

"मी? वैनी, मी सांगितलेलंय, पितृपक्षात माका मज्जा करूची नाय."

"मज्जा करू नका ना. कोण म्हणतंय मज्जा करा? नुसते बसा. वजन पाहिजे."

शिवदास विचारात पडला. आयुष्यात त्याच्यापुढे असा पेच कधी आला नव्हता. म्हाळाचे नियम त्याला सगळे पाठ होते, काय शिजवायचं, काय नाही, पान कुठल्या बाजूला वाढायचं. पण गाडीत वजन म्हणून बसायचं नाही, असं कुणी सांगितल्याचं त्याला आठवेना.

"शिवा, जा रे," चंदर पिशव्यांमागून म्हणाला. "ती कधीची बघत बसली आहे खाली." मिठाशिवाय दुसऱ्या कशाबद्दल तो बोलल्याचं ते पहिलंच उदाहरण.

शिवदास उठला. "बसतलंय. पण हसूचंय नाय."

"रडलात तरी चालेल. चला."

अनुपमा पुढच्या सीटवर बसली. शेजारी शिवदास, हाताची घडी घालून, नाक वर करून, पितरांना आपण दिसत असलो तर नीट दिसावं म्हणून. मागे मीराने पुटपुटत रामरक्षा चालू केली होती. छातीवरचा लोखंडी दांडा खटकन बसला. गाडी कुरकुरत वर चढायला लागली.

अनुपमाने डोळे मिटले नाहीत. खाली झाड लहान होत गेलं, झाडाखालचा चंदर लहान होत गेला, त्याच्या मांडीवरच्या चार पर्सा आणि सहा जोड चपला दिसेनाशा झाल्या. हातात काहीही नव्हतं. पिशवी नाही, पोर नाही, कुणाची चावी नाही. हातांचं काय करायचं तेच तिला क्षणभर कळेना, म्हणून तिने ते वर केले. गाडी टोकाला पोचली. थांबली. समोर डोंगर, त्यावर ढगांची सावली सरकत होती. अनुपमा म्हणाली, "आहा."

आणि गाडी सुटली.

"बाबानूऽऽऽ!"

ही हाक शिवदासची. हाताची घडी केव्हाच सुटली होती आणि त्याने वहिनीचा दंड धरला होता. पितृपक्षात वडिलांची आठवण आजवर हजारोंनी काढली असेल, पण इतक्या मोठ्याने कुणी काढली नसेल. उलट्या वळणात मीराची रामरक्षा मध्येच तुटली आणि तिच्या तोंडून अशी शिवी गेली, की नितेशने मागे वळून तिला नमस्कार केला. हेमांगी हसून हसून रडत होती.

गाडी खाली थांबली. सगळे बधिर. शिवदासच्या केसांतल्या भांगाचं काही उरलं नव्हतं. ऑपरेटरने दांडा उचलला तरी तो उठेना.

"भावोजी, झालं. उतरा."

शिवदासने इकडेतिकडे पाहिलं, आणि हळूच ऑपरेटरला विचारलं, "अजून सहा माणसां नाय इली ना? मग आमीच परत बसाक होया काय?"

ते चार वेळा बसले. रांगच नव्हती, कोण उठवणार?

संध्याकाळी गाडी बिल्डिंगच्या गेटमधून आत आली, तेव्हा आपली ती बातमी सातव्या मजल्यावरून खाली उतरून विद्याधरच्या तोंडात येऊन बसली होती. सेक्रेटरी म्हणून त्याला विचारणं भाग होतं. त्याच्यामागे दोन-चार बायका भाजी निवडायचं सोडून उभ्या.

"काय अनुपमाताई," विद्याधर म्हणाला, "पितृपक्षात, या वयात, उलटंपालटं व्हायला गेलात? काही झालं असतं म्हणजे?"

अनुपमा चंदरच्या हातातून आपली पर्स घेत म्हणाली, "शुक्रवारी सासऱ्यांचं पान मांडायचंच आहे, विद्याधर. शेजारी एक जास्त मांडलं असतं."