लाल दिवा आणि तीन मजली केक

केकवाल्या काकू पन्नाशी उलटल्यावर गाडी चालवायला शिकल्या. तोवर त्या केकचा खोका मांडीवर घेऊन बसने जायच्या. बसने करकचून ब्रेक मारला की स्वतः कोलमडायच्या, पण खोक्याला धक्का लागू द्यायच्या नाहीत.

जुनी गाडी घरी आली त्या दिवशी त्यांनी किल्ली फिरवली आणि समोरच्या पट्टीवरचे सगळे दिवे एकदम लागून विझले. काकू हरखल्या. शेजारी बसलेले काका, म्हणजे त्यांचे यजमान, घड्याळं दुरुस्त करणारे शांत गृहस्थ. त्यांना वाटलं, घेतल्या घेतल्या बिघडली. मेकॅनिकने समजूत घातली, की आपले दिवे शाबूत आहेत एवढंच गाडी दाखवते. चालू गाडीत पिवळा लागला तर लवकर दाखवून घ्या, लाल लागला तर सुरक्षित जागा बघून थांबाच.

मग काकूंना नादच लागला. केक ओव्हनमध्ये असला की त्या गाडीची पुस्तिका घेऊन बसत. टायरचा पिवळा दिवा लागला, तर स्वतः जाऊन हवा भरून आल्या आणि विमान उतरवल्यासारख्या तोऱ्यात घरात शिरल्या.

एका आजी-आजोबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला तीन मजली केक पोचवायचा होता. तो पुढच्या सीटवर ठेवला, तर पट्ट्याचा लाल दिवा लागून गाडी टिंग टिंग करू लागली. सीटला तो माणूसच वाटला. काकूंनी केकला पट्टा बांधला. काका मागे बसून, पुढे वाकून, दोन्ही हातांनी त्याला सावरत होते.

उड्डाणपुलावर निम्म्यात आले आणि लाल दिवा लागला. त्यावर लाटांत उभ्या थर्मामीटरचं चित्र होतं. इंजिन तापलं होतं. पुलावर थांबायला जागा नव्हती. काकूंनी आधी एसी बंद केला, मग हीटर पूर्ण सोडला.

"अगं, केक आहे," काका म्हणाले.

"अहो, माहीत आहे. पण हीटरने इंजिनची गरमी आत येते. पूल उतरेपर्यंत कळ काढा."

खिडक्या उघडल्या तरी आत भट्टी झाली. वरच्या मजल्यावरची गुलाबं एकेक करून खाली निघाली. काका एका हाताने केक धरून दुसऱ्या हाताने वर्तमानपत्राने त्याला वारा घालत होते. वरचा मजला हळूच काकूंच्या खांद्याकडे कलला, तसं काकांना हसू फुटलं. चारचौघांत दातही न दाखवणारा माणूस, पण आता काही केल्या थांबेना. त्यांचं बघून काकूही हसत सुटल्या. डोळ्यांत पाणी, कानावर क्रीम, अशा अवस्थेत त्यांनी पूल उतरून गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

काका बॉनेटकडे निघाले. काकूंनी त्यांना मागे ओढलं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं, ते गार होईपर्यंत हात लावायचा नाही, असं बजावलं. मग ओशाळून त्या आजी-आजोबांच्या घरी फोन केला, की केक येऊ शकत नाही आणि आता तो केकसारखा दिसतही नाही.

घर पुलाच्या पायथ्याशीच होतं. आजोबा म्हणाले, मग आम्हीच येतो. थोड्या वेळात गल्लीतून सगळं घर चालत आलं. पुढे काठी टेकत आजी, मागे खुर्च्या उचललेले जावई. केक डिकीवर ठेवला. आजींनी वाकून तो नीट पाहिला.

"आमचा संसार असाच दिसतो," त्या म्हणाल्या, "थोडा वाकडा, पण उभा आहे."

येणारे-जाणारेही थांबून खाऊन गेले.

संध्याकाळी मेकॅनिक आला. पाण्याचा पाइप फुटला होता. वेळीच थांबलात म्हणून इंजिन वाचलं, म्हणाला, आणि काकूंनी त्यालाही एक तुकडा दिला.

पुढच्या आठवड्यात आजींच्या जावयांची ऑर्डर आली. हुबेहूब तसाच, कललेला केक हवा होता. काकूंनी चार वेळा करून बघितला. दर वेळी तो ताठ उभा राहिला. शेवटी काका केस वाळवायचं यंत्र घेऊन आले, काकूंनी ओट्याला टेकून हसायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी केक उशिरा पोचला.