आत्याचा डावा पाय

आत्या चहासुद्धा उभ्यानेच प्यायची. बसली तरी डावा पाय हलत राहायचा आणि डावा हात उगाच काहीतरी चाचपत असायचा. स्वतःच्या डिझेल पिकअपमध्ये कांदा भरून विंचूरच्या बाजारात नेणारी ही बाई, घरात तिचं मन कसं रमावं!

शेजारी बसलेल्यालाही ती स्वस्थ बसू देत नसे. मी तिची भाची, गाडी तिच्याकडेच शिकले, शिव्या खात. "समोर बघ की! चढ आला. इंजिन रडायच्या आधी गिअर खाली घ्यायचा. मग घेऊन काय उपेग?"

पुढे तिचा डावा गुडघा गेला. क्लच दाबायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. "म्हंजे घरी बसू? त्यापरीस पाय काढून टाका," ती म्हणाली. दिवसभर अंगणात लंगडत येरझारा. आम्हाला तिच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी तिच्या मुलाने, दादाने, जुनी गाडी देऊन ऑटोमॅटिक पिकअप आणली.

"आई, हिला क्लचच नाय. गिअर आपोआप पडतो."

"आपोआप? मग मी काय करू, भजन?" आत्या फणकारली. पण दुसऱ्या दिवशी किल्ली तिच्याच कमरेला होती.

बाजाराच्या फाटकापाशी गाडी हळू करताना तिचा डावा पाय सवयीने क्लच शोधत गेला आणि जोरात ब्रेकवर पडला. गाडी जागीच उभी. मागचा खुला कांदा टपावरून धडाधड बॉनेटवर आला. लोक हसले, आत्याही हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"पायाला अजून सांगितलंच नाय मी," ती म्हणाली.

त्यानंतर तो पाय ती ब्रेकपासून लांब, कडेला ठेवायची. गाडीशी भांडण मात्र मिटलं नाही. "मला चढ लांबून दिसतो. हिला लागल्यावर कळतो. लय उशीर करती ही!"

गेल्या वर्षी आत्या गेली. अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत गाडी तिच्या हातात होती, याचं मला फार बरं वाटतं. परवा दादाने गाडी धुतली, तेव्हा ड्रायव्हरच्या डाव्या पायाखालच्या मॅटला भोक पडलेलं दिसलं. कडेला, जिथे कुठलंच पेडल नाही तिथे.

"बदलून टाकू?" दादाने विचारलं.

"राहू दे," म्हणत मी स्टिअरिंगवर बसले. गावाबाहेर चढ दिसला. माझा डावा पाय त्या भोकावर कधी गेला, मला कळलंच नाही.