अळणी नवस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. देवीपुढे एकटा उभा असतानासुद्धा तोंडातून निघालं नाही. माझी मुलगी पाच वर्षांची असताना, भर उन्हाळ्यात, मी तिला तिच्या आईपासून लपवून अळणी जेवण घालत होतो.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला भाईंदर पूर्वेला, मिठागरांच्या कडेला. चिमीला जन्मापासून खोकला. कुणी सर्दी म्हणायचं, कुणी बालदमा. डॉक्टर बदलले, औषधांचे रंग बदलले, खोकला तोच. खायची भरपूर, पण अंगी काही लागत नसे. तिचा मुका घेतला की ओठ खारट व्हायचे. शेजारी हसायचे, मिठागरांच्या गावातली पोर, खारटच असणार. आम्हीही हसायचो. पण तिला उबळ आली की मला घरात बसवत नसे. गॅलरीत जायचो, परत यायचो, पुन्हा जायचो. शेवटी गावच्या देवीला नवस बोललो, पोरीची छाती मोकळी होऊ दे, चैत्र-वैशाख मीठ सोडतो. आमच्याकडे नवस बोलणाऱ्यानं मीठ सोडायची रीत आहे. मला मात्र चैन पडेना. माझ्या एकट्याच्या जिभेचं देवीला काय कौतुक? जिच्यासाठी मागतोय तिनंही पाळायला नको? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "तुम्ही मीठ सोडा नाहीतर जेवण सोडा. पोरीच्या ताटाला हात लावायचा नाही." मी बरं म्हटलं.

ती सकाळी हाटकेशला एका कारखान्यात पॅकिंगला जायची. जाताना चिमीची आमटी-भाजी झाकून ठेवायची. मी रात्रपाळीचा, दिवसा घरी. ती जिना उतरली की मी आमटी मोरीत ओतायचो आणि पोरीला बिनमिठाचा वरण-भात कालवून भरवायचो. ती तोंड वाकडं करायची, चव नाही म्हणायची. मी म्हणायचो, देवीचं आहे, असंच लागतं. आणि आईला सांगू नकोस. संध्याकाळपर्यंत ती इतकी मलूल व्हायची, की आईच्या हातचे दोन घासही जात नसत. बायको म्हणायची, ऊन बाधलंय.

कुणीतरी म्हणालं, समुद्राची हवा चांगली. म्हणून एक दिवस तिला घेऊन बसनं उत्तनजवळच्या चौक या किनाऱ्यावरच्या गावी गेलो. उतरल्यावर तिला उभं राहवेना. पायात गोळे आले, उलटी झाली. एका कोळ्याच्या घराच्या पडवीत तिला मांडीवर घेऊन बसलो. आतून एक म्हातारी बाई आली. काही न विचारता तिनं मीठ घातलेली पेज आणि भाजलेला सुका बोंबील पुढे ठेवला. मी म्हटलं, "मावशी, मीठ नको. नवस आहे."

"कोनाचा नवस?"

"माझा."

"मग तू खाव नको. तिनं काय केलाय? देवाला काय तुजी पोर अळणी पायजे हाय?"

मी काही बोलायच्या आत चिमीनं वाटी दोन्ही हातांनी ओढली. पेज प्यायली, बोंबलावरचं मीठ चाटलं, आणखी मागितली. जराशानं तिनं मान उचलली. म्हातारीनं स्वतः रिक्षा थांबवली. हवा पुरे झाली, डॉक्टर गाठ, म्हणाली.

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात चिमीचा घाम तपासला, तेव्हा आजाराला नाव मिळालं, सिस्टिक फायब्रोसिस. डॉक्टरबाईंनी समजावलं, की हिच्या पेशींमधून मीठ नीट ये-जा करत नाही. घामातून ते वाहून जातं, आणि छातीतला कफ घट्ट, चिकट होतो, त्यात जंतू घर करतात. दोष आई आणि वडील, दोघांकडूनही आलेला. त्यांनी विचारलं, "उन्हात मीठ कमी पडलं होतं का?" मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "मी हात जरा आखडताच घेते, मॅडम. माझंच चुकलं." मी वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिलो.

आज चिमी सहावीत आहे. आजार बरा होणारा नाही, हे कळलंय. जेवताना पचनाच्या गोळ्या, अधूनमधून इंजेक्शनं, उन्हाळ्यात जास्तीचं मीठ. सकाळ-संध्याकाळ तिला मांडीवर पालथी घालून हाताची ओंजळ करून पाठ थोपटतो, तेव्हा कफ सुटतो. माझी पूजा आता तेवढीच. नवस बोलताना मी देवीशी घासाघीस करत होतो, आणि वर पोरीला त्यात घातलं. आता काही मागत नाही. जो श्वास आला तो देवीचा प्रसाद म्हणतो. ती म्हातारी कोण होती, यावर मी वाद घालणार नाही. नंतर भेटायला गेलो तर तिला आठवेना. येतात खूप जण, म्हणाली, आणि मलाही पेज वाढली. मी पोटभर जेवलो.

चिमीनं आईला अजून सांगितलेलं नाही. बायको आजही आमटी चाखते, पुन्हा चाखते, मग मला चाखायला लावते. बरोबर आहे, एवढंच मी म्हणतो. तिचा हात तेव्हाही चुकला नव्हता, तिची आमटी मी ओतत होतो, हे तिच्यासमोर बसून सांगणं, एवढं तिचं देणं माझ्यावर आहे.