बायकोच्या हातचा माझा चहा

निवृत्त होईपर्यंत मी एकदाही चहा केला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली, तिथे चहा किटलीतून यायचा. घरी तो ओट्यावरून यायचा. त्याआधी त्याचं काय काय होतं, याची चौकशी करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

निवृत्तीनंतर आम्ही कर्वेनगरच्या एका सोसायटीत राहायला आलो आणि पहिल्याच महिन्यात कुणीतरी मला मोबाइलवरच्या ‘कपबशी’ नावाच्या ग्रुपात ओढलं. ग्रुपचा नियम एकच. रोज सकाळी आपल्या चहाचा फोटो टाकायचा आणि सोबत काय खाल्लं ते लिहायचं. राजकारण नाही, सुप्रभात नाही, गुलाबाची फुलं नाहीत. इतका शिस्तीचा ग्रुप मी पुण्यातसुद्धा दुसरा पाहिलेला नाही.

माणसं वीसेक होती, पण बोलणारी तिघंच. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या नागपूरच्या वहिनी, त्यांच्या चहात वेलची आणि बशीत रोज काहीतरी तळलेलं. आयटीत नोकरी करणारी एक मुलगी, ती दर दिवशी वेगळ्या रंगाचा चहा प्यायची; एकदा तर चक्क निळा होता. आणि शनिवार पेठ सोडून मुलाकडे राहायला आलेले एक निवृत्त मास्तर. मास्तर स्वतःच्या चहाबद्दल अवाक्षर लिहीत नसत, दुसऱ्यांच्या चहावर मात्र शेरे मारत. निळ्या चहाखाली त्यांनी लिहिलं होतं, “शाई उत्तम. टाक कुठे आहे?”

मी पहिला फोटो टाकला तो खरंच भाबडेपणाने. बायकोने दिलेला कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, तिथे ऊन आलं होतं, वाफ फार छान दिसत होती. खाली लिहिलं, “आजचा चहा. आलं किंचित जास्त. सोबत खारी.” ‘मी केला’ असं मी कुठेही लिहिलं नव्हतं. ही गोष्ट मी पुढे बरेच दिवस स्वतःला समजावत होतो.

दहा मिनिटांत वहिनींनी लिहिलं, “भाऊजी, रंग काय सुरेख आला जी!” मुलगी म्हणाली, “काका, स्वतः बनवता? रिस्पेक्ट!” आणि मास्तरांनी लिहिलं, “ठीक.”

वहिनींनी मला वेगळा निरोप पाठवून कळवलं की मास्तरांचं ‘ठीक’ आजवर कुणालाही मिळालेलं नाही. तिथेच मी वाया गेलो.

रोज फोटो टाकू लागलो. मग नुसत्या फोटोवर भागेना, सल्ले देऊ लागलो. त्यासाठी लागणारी माहिती बायकोकडून सहज विचारल्यासारखी काढायची.

“अगं, आलं तू किसतेस की ठेचतेस?”

“ठेचते. का?”

“काही नाही, सहज.”

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. तासाभराने ग्रुपात माझा संदेश : “आलं किसू नये. ठेचावं. फरक जाणकारांना कळतो.” दोन महिन्यांत माझी अशी ख्याती झाली की दुसऱ्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी चहा कडवट होतो म्हणून मला फोन केला. मी त्यांना धीर धरायला सांगितलं.

हे सगळं उघडकीला आलं ते लिफ्टमध्ये. बायको भाजी घेऊन वर येत होती, नागपूरच्या वहिनी भेटल्या आणि म्हणाल्या, “ताई, नशीब काढलं जी तुम्ही! रोज सकाळी नवऱ्याच्या हातचा चहा! ग्रुपात आम्ही वीस जण फोटो बघतो.” बायको फक्त “हो ना” म्हणाली. घरी येऊन तिने भाजी निवडली, स्वयंपाक केला, मला वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलापाशी पेपर उघडून बसलो. समोर ती पुरवणी वाचत बसली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली.

“अगं, चहा?”

“तुमचीच वाट बघतेय. वीस माणसं बघतायत म्हणे.”

मी पेपर खाली ठेवला. “अगं, गंमत होती ती.”

“मग आज खरी गंमत करा,” ती म्हणाली आणि पान उलटलं.

चहापुडीचा डबा सापडायलाच पाच मिनिटं गेली, कारण त्यावर ‘रवा’ अशी चिठ्ठी होती. पुढे जे तयार झालं त्याचं वर्णन नको. त्या दिवशी मी ग्रुपात फोटोऐवजी “आज बरं नाही” असं लिहिलं. ते काही अगदीच खोटं नव्हतं, मी तो चहा प्यायलो होतो.

आणि नेमकं त्याच आठवड्यात वहिनींनी जाहीर केलं की येत्या रविवारी चारला सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांनी जमायचं आणि ज्याने त्याने आपापला चहा सर्वांसमोर करून पाजायचा. मी गुडघेदुखीचं कारण तयार ठेवलं होतं. बायको म्हणाली, “जायचं. मीही येतेय.”

उरलेले पाच दिवस मी सराव केला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. हात लावायची नाही, सूचना मात्र एकच, रोज न चुकता : “दूध उकळल्याशिवाय आलं घालू नका.”

रविवारी हॉल भरला होता. वहिनींनी सांबारवडी आणली होती; तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मुलीने लाल रंगाचं काहीतरी पाजलं, मास्तरांनी ते औषधासारखं एका घोटात संपवलं. मग माझं नाव पुकारलं गेलं. सगळे शेगडीभोवती गोळा झाले, मुलगी मोबाइलवर चित्रण करू लागली. घाईत मी पाण्याऐवजी दूधच आधी पातेल्यात ओतलं आणि ठेचलेलं आलं भस्सकन त्यात टाकलं.

दूध तापलं आणि बघता बघता फाटलं. मास्तर पुढे वाकले, चष्मा सावरला आणि म्हणाले, “पनीर उत्तम. चहा केव्हा?”

हॉलमध्ये हशा पिकला. मी बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे सांबारवडी खात होती. तेव्हा मी एकदाचं बोलून टाकलं, “मंडळी, आजवर तुम्ही ज्याची वाहवा केलीत, तो एकूण एक कप हिच्या हातचा आहे. मला चहा येत नाही.”

“अगं बाई!” वहिनी ओरडल्या. “आणि मी लिफ्टमध्ये तुम्हाला...”

“तुमचं काही चुकलं नाही,” बायको म्हणाली. “नशीब काढलंय, हे खरंच आहे. कुणी, तेवढं उलट झालं.”

मास्तर उठले, बायकोसमोर हात जोडून म्हणाले, “म्हणजे ते ‘ठीक’ आपलं होतं. यांच्याकडून वसूल करून घ्या.”

हसणं ओसरल्यावर त्या मुलीने विचारलं, “काकू, पण तुम्हाला स्वतःला कोणता चहा आवडतो?”

बायको म्हणाली, “बिनदुधाचा. गवती चहा घातलेला, वरून लिंबू. माहेरी, कोकणात, तसाच असायचा.”

“मग घरी का नाही करत?”

“एकटीसाठी वेगळं आधण कुठे ठेवायचं? यांचा होतो, त्यातलाच कपभर घेते.”

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली. मला मात्र हातातली सांडशी कुठे ठेवावी ते कळेना. आमच्या लग्नाला तेव्हा बत्तीस वर्षं झाली होती. कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस किती साखर घेतो ते मला आजही सांगता येईल.

सोमवारी सकाळी मी मंडईवालीकडून गवती चहाची जुडी आणली. बायको उठायच्या आत आधण ठेवलं, पाती कापून टाकली, लिंबू पिळलं आणि कप तिच्या पुढ्यात ठेवला.

“कसा झालाय?”

तिने घोट घेतला. “सरबत म्हणून चांगला आहे.”

पण संपवला. मंगळवारी लिंबू कमी केलं तर पात जास्त झाली. बुधवारी साखर विसरलो. शुक्रवारी तिने कप घेतला, खिडकीबाहेर पाहत सावकाश प्यायली. मी मुद्दाम पेपरात डोकं घालून बसलो. थोड्या वेळाने कप माझ्यापुढे सरकला.

“अर्धा कप आहे का अजून?”

त्या कपाचा फोटो मी टाकला नाही.

आता ती ग्रुपात आहे. फोटो टाकत नाही, शेरे मारते, आणि मास्तर तिच्या भीतीने आपला चहा हल्ली जपून करतात. माझं ‘ठीक’ अजून यायचंय. ती म्हणते, दिवाळीपर्यंत बघू.