आग्यामोहोळाच्या कड्याखाली

ईदच्या आधीचा महिना शिवणाऱ्या माणसाला कधी आला, कधी गेला ते कळत नाही. उचगावात आमचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. नवरा कापड बेततो, मी शिवते. रोजे धरून महिनाभर मशीनवर वाकलेली. ईद झाली, पाहुणे येऊन गेले, पण माझी पाठ काही सरळ होईना. सोमवारी दुकानाला सुट्टी. मी नवऱ्याला म्हटलं, "डोंगरात जाऊन येते." तो गादीवर पालथा पडला होता. "जा. मला नको उठवूस," एवढंच म्हणाला. मी एकटी डोंगरात जाते हे घरात कुणाला नवीन नव्हतं. लग्नाच्या आधीपासूनची सवय. चार तास चाललं की माझं अंग मोकळं होतं.

शाहूवाडीच्या अंगाला एका लहान गावात मी गाडी लावली. तिथून एक वाट वरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर जाते. चैत्र लागला होता. करवंदीला हिरवी फळं धरली होती, अंजनी निळ्या फुलांनी भरली होती. पण समोरची एक उतरण वणव्यानं काळी पडली होती आणि तिथून वारा आला की जळक्या गवताचा वास यायचा. वाटेत माणूस नव्हतं. मला तेच हवं होतं.

पहिला चढ संपतो तिथं दगडावर एक म्हातारा बसला होता. सत्तरीच्या आसपासचा, डोक्याला मळका टॉवेल, हातात काठी आणि खांद्यावर दावं. मला बघून त्यानं आधी माझ्या मागं कोण येतंय का बघितलं.

"कुठलं म्हणायचं पावणं?"

"उचगाव. कोल्हापूरजवळचं."

"एकट्याच?"

"व्हय."

"माझी म्हस बघितलासा काय वाटंत? कपाळावर पांढरा ठिपका हाय. कालच्यान आली न्हाय."

मी नाही म्हटलं. ते उठले आणि माझ्या बरोबरीनं चालायला लागले. खरं सांगायचं तर मला सोबत नको होती. पण सत्तरीचं माणूस धापा टाकत चालतंय म्हटल्यावर त्याला मागं टाकून जाता येईना. त्यांचा एक गुडघा वाकत नव्हता, ते तो पाय बाजूनं फिरवून टाकायचे. चालताना सगळं म्हशीचंच. गाभण आहे, पहिलटकरीण आहे, लाजरी आहे, दुसऱ्याच्या हातचं पाणी पीत नाही. गाभण म्हस विताना माणसापासून लांब जाते, वरच्या झऱ्याकडं गेली असणार.

मध्येच त्यांनी विचारलं, "मुसलमानाच्या काय तुम्ही?"

"व्हय, मामा."

"मग ईदची खीर संपली असंल आता." आणि स्वतःच हसले. मी डब्यातली एक चपाती त्यांना दिली. त्यांनी ती चालता चालताच खाल्ली, अर्धी टॉवेलाच्या टोकाला बांधली. म्हस सापडली की तिला द्यायला, म्हणाले.

झऱ्याकडं जाणारी वाट एका उंच कड्याच्या पायथ्यानं जाते. कड्याला वर आग्यामोहोळाची पोळी लटकलेली होती, काळी, सुपाएवढी. मी ती आधीही बघितली होती. लोक खालून जातात, बोलत नाहीत, बिडी पेटवत नाहीत, काही होत नाही. आम्हीही गप्पच चाललो होतो. काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. एखाद्या पक्ष्यानं पोळ्यावर झडप घातली असेल, नाहीतर वणव्याची धग लागली असेल. वरून घोंगावल्यासारखा आवाज आला, मामा थांबले, त्यांनी वर बघितलं आणि ओरडले, "पळा! झाडीत शिरा, झाडीत!"

पहिली माशी माझ्या मानेवर बसली. त्यानंतर मोजण्यासारखं काही राहिलं नाही. मी दहा-पंधरा पावलं पळाले आणि मागं बघितलं तर ते तिथंच होते, काठी हवेत फिरवत, तो न वाकणारा पाय ओढत. मी परत गेले. त्यात शौर्याचं काही नव्हतं, विचारच केला नव्हता. त्यांचं मनगट धरलं आणि खालच्या कारवीच्या झुडपांत ओढत नेलं. तिथं आम्ही दोघं पालथे पडलो. त्यांचा टॉवेल मागंच कुठंतरी पडला होता. माझी ओढणी मी दोघांच्या डोक्यावर घेतली. सुती, अडीच मीटरची ओढणी. दोघांना पुरेना. मी त्यांच्याकडं ओढली की ते माझ्याकडं सारायचे.

"तोंड झाका, बाई. डोळं झाका."

"मामा, तुम्ही झाका."

"माझं कातडं जाड हाय."

किती वेळ गेला ठाऊक नाही. कानात, केसांत माश्या शिरत होत्या, नखांच्या कडेला डसत होत्या. मी कलमा म्हणत होते, ते पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. नीट ऐकलं तर ते म्हशीला हाक मारत होते.

आवाज ओसरला तेव्हा मी ओढणी काढली. त्यांच्या टकलावर, कानांवर, पापण्यांवर माश्यांचे काटेच काटे. ओठ सुजून बाहेर आले होते. श्वास घेताना शिट्टी वाजायची. फोनला रेंज नव्हती. मी त्यांना काखेत धरून थोडं खाली आणलं. ते बोलायला गेले पण जीभ वळेना. एका मोकळ्या जागी रेंज आली. ॲम्ब्युलन्सला फोन केला, पण ती तालुक्याहून यायची होती. मी गावाच्या दिशेनं ओरडत राहिले. खाली लाकडं गोळा करणाऱ्या एका बाईनं ऐकलं आणि ती पळत गावात गेली. तोवर माझाही एक डोळा मिटला होता.

चार माणसं घोंगडी घेऊन आली. एका घोंगड्यात मामांना घातलं, चार टोकं चौघांनी धरली. मी मागून एकाच्या सदऱ्याला धरून उतरले. गावात पोचेपर्यंत माझे दोन्ही डोळे बंद झाले होते, म्हणून पुढचं मी फक्त ऐकलं. ॲम्ब्युलन्सची वाट बघायला नको असं कुणीतरी म्हणालं. वडापची, सवाऱ्या नेणारी जीप होती, तिच्यातच आम्हाला घातलं. एक म्हातारी बाई मोठ्यानं ओरडत होती, "अवं, म्हस आलीया! मघाशीच आली! कशाला गेलासा वर?" मग जीप सुटली.

वळणावर त्यांचं डोकं माझ्या गुडघ्याला लागायचं. मी चाचपून त्यांचा हात शोधला आणि धरला. सुरुवातीला बोटं माझ्या बोटांत हलायची. मधे कुठंतरी हलायची थांबली. मी म्हटलं, "मामा." पुढच्या सीटवरून माणूस मागं वाकल्याचं जाणवलं, थोडा वेळ गेला, आणि तो ड्रायव्हरला म्हणाला, "आता हळू घे."

दवाखान्यात मला दोन दिवस ठेवलं. हवालदार जबाब घ्यायला आला. "एकट्या बाईनं डोंगरात कशाला जायचं?" मी म्हटलं, "पाठ दुखत होती." त्यानं तेच लिहून घेतलं असावं. नवरा चिमट्यानं माझ्या केसांतले काटे काढत बसला होता.

चेहरा माणसासारखा झाल्यावर मी नवऱ्याला घेऊन त्या गावात गेले. मामांच्या घरी मावशी, त्यांची बायको, सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, गालावरचे काळे डाग एकेक बघितले.

"लई तरफडलं काय ते?"

मी म्हटलं, "व्हय, मावशी." खोटं बोलणं मला जमलं नाही.

त्यांनी माझी हनुवटी सोडली. मग म्हणाल्या, "आदल्या राती मी लई बोलले त्यास्नी. दावं नीट बांधलं न्हाय म्हणून. जेवलं न्हाय. सकाळी तसंच गेलं." आणि माझ्याकडं न बघता, "माझं काय बोललं काय, वाटंत?"

मी आठवून बघितलं. त्यांच्याबद्दल एक शब्द नव्हता. रागाचाही नाही.

"न्हाय, मावशी. म्हशीचंच बोलत होते. सगळी वाट."

मावशींनी पदर तोंडाला लावला. मला आधी वाटलं त्या हसतायत, आणि काही क्षण त्या हसतही असाव्यात. मग खांदे हलायला लागले. नवरा उठून अंगणात गेला. मी त्यांच्याजवळ सरकले, पण हात कुठं ठेवायचा ते मला कळेना, म्हणून नुसतीच बसले. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच माझ्या मांडीवर हात टाकला आणि तसाच राहू दिला. दारातून ऊन आत येऊन आमच्या पायांपर्यंत पोचलं तरी आम्ही दोघी हललो नाही.