अक्कांचे म्हातारे उंदीर

अक्का आमच्या विद्यापीठात उंदीर सांभाळायच्या. तळमजल्याच्या टोकाला, जाड दारामागे, तीन खोल्यांत मिळून चारेकशे उंदीर. आता तिथे प्रत्येक पिंजऱ्यावर कॅमेरा आहे, आणि खोलीत कुणी बोलत नाही. तेव्हा अक्कांची बडबड अखंड चालू असायची.

म्हातारपणी स्मरणशक्ती का जाते, मेंदूत नेमकं काय बिघडतं, यावर आमच्या मॅडमचं संशोधन होतं. त्यासाठी उंदरांना म्हातारं होऊ द्यावं लागे. उंदीर दोन वर्षांत म्हातारा होतो आणि ती दोन वर्षं अक्कांच्या हातातली. भुसा बदलायचा, बाटल्या भरायच्या, ज्याला जाळीतल्या खाण्यापर्यंत पोचवत नाही त्याला भिजवून खाली ठेवायचं. दीड वर्षावरच्या प्रत्येकाला त्या ‘आजोबा’ म्हणत, मादी असली तरी.

मी नवी विद्यार्थिनी होते, आणि चांगलीच शिष्ट. निम्म्या उंदरांना जन्मतःच विसरण्याचा आजार होता. कुठल्या, ते फक्त मॅडमच्या कुलूपबंद वहीत. मी सगळ्यांनाच पाण्याच्या टाकीत सोडायचे आणि बुडालेला चौथरा कुठे आहे ते आठवतं का, हे बघायचे.

एका सकाळी अक्का म्हणाल्या, “पोरी, दोन नंबरच्या खोलीत काहीतरी बिनसलंय. काही जणांनी घरटं करणं सोडलंय. कापूस देते तो तसाच पडून राहतो.”

“कंटाळले असतील,” मी म्हणाले. “टाकीत सगळ्यांचे आकडे सारखेच आहेत.”

“आकडे तुझ्याकडे, उंदीर माझ्याकडे,” म्हणत त्या पिंजरे पुसायला लागल्या.

आठवड्याने त्यांनी बावीस पिंजऱ्यांचे नंबर कागदावर लिहून थेट मॅडमना दिले. मॅडमनी वही उघडली. बावीसपैकी एकोणीस आजारी निघाले. माझ्या टाकीत फरक दिसायला पुढे चार महिने लागले. ते चार महिने मी मुकाट्याने अक्कांच्या मागे फिरले. कापूस पिंजलाय का, त्याला भिंती केल्यात का, हे बघायला शिकले. लेख छापून आला तेव्हा मॅडमनी त्यात अक्कांचं नावही घातलं. अक्कांच्या शिंपी नवऱ्याने ते बोटाने शोधून वाचलं आणि विचारलं, “उंदरांची नावं राहिली वाटतं?”

सहा वर्षांनी मी तिथेच शिकवत होते. अक्का माझ्या खोलीत आल्या आणि न सांगता खुर्चीवर बसल्या.

“आमचे हे दुकान बंद करताना मशीनवर झाकण घालायचे. तीस वर्षं. आता महिनाभर घालत नाहीत.”

“विसरत असतील, अक्का. वय झालं.”

“विसरलं तर माणूस चुकचुकतो गं. यांना त्याचं काही वाटतच नाही.”

एकदा तोंडघशी पडले होते, म्हणून या वेळी अक्कांचं ऐकलं. शिंपीकाकांना डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या, आजाराची सुरुवात होती. इतक्या वर्षांच्या आमच्या संशोधनातून त्यांना द्यायला माझ्याकडे एक गोळीही नव्हती.

अक्कांनी विचारलं, “सगळं नीट कळेल असा वेळ किती?”

“वर्ष, फार तर दोन.”

“मग आधी यांच्या भावाकडे जायला हवं. भांडण आठवतंय तोवर मिटवलेलं बरं. नंतर मिटवायचं काय?”

आईला शेवटी कोणी सांभाळायचं यावरून दोघे भाऊ एकोणीस वर्षं बोलत नव्हते. अक्का नवऱ्याला घेऊन थेट थोरल्या दिरांच्या दारात उभ्या राहिल्या. तासभर दोघांनी एकमेकांचा उद्धार केला. जाऊबाईंनी दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा गार झाला. मग धाकटा रडला, आणि थोरलाही.

तेव्हापासून थोरले भाऊ दर रविवारी बसने यायला लागले, ते शेवटपर्यंत, सात वर्षं. त्यातल्या एका रविवारी मी तिथे होते. शिंपीकाका भावाकडे बराच वेळ बघत राहिले आणि अक्कांना म्हणाले, “हे गृहस्थ फार चांगले आहेत. कोण हो?”

“मी इथे जवळच राहतो,” थोरले म्हणाले, आणि दोन तासांच्या प्रवासाने थकलेल्या हातांनी त्यांनी धाकट्याच्या शर्टाची वरखाली लागलेली बटणं सोडून पुन्हा नीट लावली.